‘सिटी ऑफ गॉड’मधले न छापलेले छायाचित्र

सायंतारा (धागाकर्ती)

आमच्या चित्रपट मंडळात गेल्या रविवारी ‘सिटी ऑफ गॉड’ हा २००२ सालचा ब्राझिलियन चित्रपट दाखवला. खेळ संपल्यावर दीड तास वाद झाला आणि तो अर्धवटच राहिला, म्हणून येथे धागा काढते आहे. मंडळातील निम्म्या सभासदांचे म्हणणे असे पडले की हा चित्रपट गरिबांच्या वस्तीतील खूनखराबा चटपटीत करून जगाला विकतो. मला ते पटले नाही आणि का पटले नाही, ते सविस्तर मांडते.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देते. रिओ दि जानेरो शहराच्या पश्चिमेला, जाकारेपाग्वा भागात, १९६० च्या दशकात सरकारने एक वसाहत उभारली. शहराच्या दक्षिणेकडील मोक्याच्या जागांवरच्या झोपडवस्त्या (तिकडे त्यांना फावेला म्हणतात) उठवून तिथली माणसे आणि १९६६ च्या पुरात बेघर झालेली कुटुंबे इकडे आणून वसवली आणि त्या जागेला नाव दिले ‘सिदादे दे देउस’, म्हणजे देवाचे शहर. याच वसाहतीत वाढलेल्या पाउलो लिन्स यांनी अल्बा झालुआर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनात सहायक म्हणून काम करताना तिथल्या गुन्हेगारीविषयी जे ऐकले, टिपून ठेवले, त्यातून त्यांची कादंबरी तयार झाली आणि १९९७ साली प्रसिद्ध झाली. फर्नांडो मेइरेलेस आणि कातिया लुंड यांनी तिच्यावरून सुमारे ३३ लाख डॉलरमध्ये हा चित्रपट केला. तो जगभर चालला, खर्चाच्या सुमारे नऊ पट कमाई करून गेला आणि दिग्दर्शन, पटकथा, छायाचित्रण व संकलन या चार विभागांत त्याला ऑस्कर नामांकने मिळाली.

माझ्या मते या चित्रपटाचे बळ त्याच्या तुटपुंज्या साधनांतूनच आले आहे. मातेउस नाख्तरगेले वगळता त्या वेळी नावाजलेला म्हणावा असा नट त्यात जवळपास नाही. निर्मात्यांनी रिओच्या वस्त्यांमध्ये फिरून सुमारे दोन हजार मुलांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतून दोनशे मुले निवडली आणि विदिगाल येथील ‘नोस दो मोरो’ या नाट्यसंस्थेचे गुटी फ्रागा यांच्या मदतीने कित्येक महिने कार्यशाळा चालवली. मुलांच्या हाती छापील संवाद दिले नव्हते. प्रसंग सांगायचा आणि तुमच्या गल्लीत हे घडले असते तर कोण काय बोलले असते, ते त्यांनाच बोलायला लावायचे, अशी ती पद्धत होती. शेवटच्या लढाईपूर्वी टोळीतली मुले हातात हात घालून प्रार्थना म्हणतात, ती कल्पनाही अशाच एका मुलाकडून आल्याचे मेइरेलेस यांनी सांगितले आहे. बाहेरून आलेल्या पटकथाकाराला हे सुचले असते, असे मला वाटत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. कथा सांगणारा बुस्कापे हा वस्तीतला मुलगा. त्याला छायाचित्रकार व्हायचे आहे. शेवटी त्याच्या हाती दोन प्रकारची छायाचित्रे असतात. एकात पोलीस टोळीप्रमुख झे पेकेनोकडून पैसे उकळून त्याला सोडून देताना दिसतात, दुसऱ्यात त्याच झे पेकेनोचे गोळ्यांनी चाळण झालेले प्रेत आहे. पहिले छापले तर खळबळ माजेल, पण जिवाची शाश्वती उरणार नाही. दुसरे दिले तर वृत्तपत्रात काम मिळेल. तो दुसरे देतो. जो चित्रपट आपल्या नायकाकडून इतका पडता निर्णय घेववतो आणि तो लपवतही नाही, त्याला आपण काय दाखवतो आहोत आणि काय दाखवायला कचरतो आहोत, याचे पुरते भान आहे. हिंसेचा बाजार मांडणारा चित्रपट स्वतःवरच असे बोट ठेवील काय?

निरंजन

सायंतारा यांची मांडणी प्रामाणिक आहे, परंतु त्यांच्या शेवटच्या प्रश्नाला माझे उत्तर ‘होय, ठेवील’ असे आहे. कारण बोट ठेवूनही शेवटी चित्रपटाने प्रेताचेच छायाचित्र जगाला दिले. आपण जे करतो आहोत ते जाणून करणे आणि ते न करणे यांत फरक आहे.

ग्लाउबेर रोशा या ब्राझिलियन दिग्दर्शकाने १९६५ साली ‘भुकेचे सौंदर्यशास्त्र’ मांडले. उपाशी देशाचा सिनेमा पाहणाऱ्याला बोचला पाहिजे, त्याने भूक देखणी करता कामा नये, असा त्याचा गाभा होता. इवाना बेंतेस या समीक्षक बाईंनी फावेलांवरच्या नव्या ब्राझिलियन चित्रपटांवर लिहिताना त्याच शब्दांना कलाटणी देऊन ‘भुकेचे प्रसाधन’ असा आरोप केला, आणि तो मला रास्त वाटतो. मेइरेलेस साव पाउलोचे, जाहिरातींच्या व्यवसायात नाव काढलेले. पहिल्याच प्रसंगात सुरीला धार लावली जाते, ढोल वाजतात, कोंबडी निसटते, तिच्यामागे पिस्तूलधारी पोरे धावतात आणि आपण खुर्चीत पायाने ठेका धरतो. पुढे याच मुलांच्या हातून माणसे मरतात तेव्हाही तो ठेका सुटत नाही, ही माझी मूळ तक्रार आहे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. कथेचा काळ १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंतचा आहे आणि ब्राझीलमध्ये १९६४ पासून १९८५ पर्यंत लष्करी राजवट होती. तिचा चित्रपटात मागमूस नाही. ही माणसे इथे कोणी आणली, इथे दवाखाना आणि बससेवा का नव्हती, शहरातील कोणत्या घरांमध्ये इथले मादक पदार्थ जात होते, या प्रश्नांना दोन-चार वाक्यांपलीकडे जागा मिळत नाही. वस्ती म्हणजे जणू सीलबंद डबा. आतली माणसे आपापसांत मारामाऱ्या करून मरतात आणि बाहेरच्या कोणाचेही हात रंगत नाहीत. रोज पहाटे उठून शहरात धुणीभांडी, गवंडीकाम आणि पहारेकरी म्हणून राबायला जाणारे बहुसंख्य रहिवासी पार्श्वभूमीवरून सरकतात तेवढेच. स्त्रिया तर कोणाची तरी प्रेयसी किंवा कोणाच्या तरी अत्याचाराचे लक्ष्य एवढ्यापुरत्याच उरल्या आहेत.

आणि ज्यांच्यावर हा चित्रपट बेतला आहे त्यांचे म्हणणे काय होते? याच वस्तीतले रॅप गायक एम. व्ही. बिल यांनी चित्रपट गाजत असतानाच जाहीर नाराजी व्यक्त केली. त्यातून वस्तीच्या पदरी चांगले काही पडले नाही, उलट तिथल्या मुलांच्या कपाळी आणखी एक शिक्का बसला, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. आपण त्यांच्यापेक्षा अधिक जाणतो, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

चौकट

मी संकलनाचे काम करतो, त्यामुळे एका मुद्द्यापुरतेच बोलतो. निरंजन ज्याला ठेका म्हणतात तो सर्व चित्रपटभर एकसारखा नाही. साठच्या दशकाचा भाग सेझार शार्लोन यांनी तांबूस उन्हात आणि स्थिर चौकटींत चित्रित केला आहे. त्यातले चोर गॅसच्या टाक्यांची गाडी लुटतात आणि टाक्या वस्तीत वाटून टाकतात. पुढे पुढे रंग निवत जातात, कॅमेरा हातात येतो आणि डळमळू लागतो. त्यामुळे काळ बदलला हे कोणी सांगण्यापूर्वी आपल्या डोळ्यांना समजते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एका खोलीचा प्रसंग. मादक पदार्थ विकण्याचा अड्डा झालेल्या एका सदनिकेचा इतिहास सांगायचा आहे. कॅमेरा एका जागी रोवलेला आहे. नवरा गेलेली एक बाई मुलींना वाढवण्यासाठी तिथे विक्री सुरू करते. मग तिच्यासाठी काम करणारा पोरगा खोली बळकावतो. त्याच्यानंतर दुसरा, मग तिसरा. भिंती कळकट होत जातात, सामान नाहीसे होते, माणसे एकमेकांत विरघळत जातात. चौकट मात्र तसूभरही हलत नाही. भपकेबाज छायाचित्रणाची संधी असताना संकलक डॅनियल रेझेंडे आणि दिग्दर्शकांनी इथे मुद्दाम स्थिर राहणे पत्करले. घर हळूहळू घर राहत नाही, ही गोष्ट याहून कमी खर्चात आणि याहून नेमकेपणाने सांगितलेली मी पाहिलेली नाही. याला प्रसाधन म्हणता येणार नाही.

गोवंडीकर

मी या चर्चेत जरा वेगळ्या जागेवरून बोलतो आहे. रेल्वेरुळांलगतच्या झोपड्या हटवल्यावर आमच्या कुटुंबाला गोवंडीत २२५ चौरस फुटांची पुनर्वसनातील खोली मिळाली. मी तिथे वाढलो आणि आई अजून तिथेच राहते. ‘सिटी ऑफ गॉड’ मी तीनदा पाहिला आहे. पहिल्यांदा महाविद्यालयात पाहिला तेव्हा आवडला होता. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा राग आला. त्या रागाचे कारण सांगतो.

बुस्कापेला एका मोठ्या दुकानात काम लागते. एके दिवशी वस्तीतली लहान मुले दुकानात शिरून चोऱ्या करतात, ती त्याच्याशी ओळखीने बोलतात आणि तोही त्याच वस्तीतला म्हणून त्याला कामावरून काढून टाकतात. आमच्यासारख्यांच्या आयुष्यातली खरी घटना ती आहे. मला पदवी मिळाल्यानंतरच्या वर्षी एका कचेरीत मुलाखत उत्तम चालली होती. पत्ता विचारला, मी सांगितला आणि समोरच्या गृहस्थांचा आवाज बदलला. त्यांनी पुढचा एकही प्रश्न कामाविषयी विचारला नाही. आमच्या इमारतीत पिस्तूल पाहिलेली मुले फार थोडी आहेत, परंतु पत्ता सांगताना अडखळलेली मुले प्रत्येक मजल्यावर आहेत.

चित्रपटाला ही घटना ठाऊक आहे, त्याने ती घेतलीही आहे, पण लगेच तो तिथून निघतो, कारण त्याला परत बंदुकीकडे जायचे आहे. सायंतारा ज्याला चित्रपटाचे भान म्हणतात, ते या ठिकाणी कुठे होते? पोलिसांचे छायाचित्र छापले गेले नाही याचे दुःख तुम्हांला आहे. मला दुःख आहे ते त्या दुकानातून रिकाम्या हाती घरी निघालेल्या मुलाचे छायाचित्र कोणी काढलेच नाही याचे.

मीनल, सांगली

एक माहिती हवी होती. ज्या दोनशे मुलांना घेऊन कार्यशाळा झाली त्यांचे पुढे काय झाले? चित्रपटाने तीन कोटी डॉलर मिळवले, त्यांतले त्यांच्यापर्यंत किती पोहोचले? मला वाटते की वस्तीने काय गमावले आणि काय मिळवले, हे या हिशेबाशिवाय ठरवता येणार नाही.

सायंतारा (धागाकर्ती)

मीनलताई, माझ्यापाशी आहे तेवढे सांगते. चित्रीकरण संपल्यावर कार्यशाळा मोडली नाही. तिच्यातून ‘नोस दो सिनेमा’ नावाची संस्था उभी राहिली, पुढे तिचे नाव ‘सिनेमा नोसो’ झाले आणि ती रिओमधील गरीब घरांतल्या तरुणांना चित्रपट आणि दृश्य माध्यमांचे शिक्षण देऊ लागली. काही नटांचे आयुष्य पालटले. माने गालिन्याची भूमिका करणारे सेउ जॉर्ज जगप्रसिद्ध गायक झाले आणि आलिसी ब्रागा हॉलिवूडपर्यंत पोहोचल्या. बरेच जण मात्र होते तिथेच राहिले. दहा वर्षांनंतर या नटांना शोधून त्यांच्यावर एक माहितीपट निघाला आणि त्यात तुम्ही विचारलेला पैशांचा प्रश्नच मध्यवर्ती आहे. तो पाहून माझे मन हलके झाले नाही, हे मान्य करते.

निरंजन, लष्करी राजवटीविषयीचा तुमचा आक्षेप मी स्वीकारते. तो चित्रपटाचा दोष आहे. परंतु सीलबंद डब्याची उपमा मला मान्य नाही. टोळ्यांना शस्त्रे विकण्याच्या धंद्यात पोलीस आहेत, हे चित्रपट स्पष्ट दाखवतो. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे माने गालिन्याची कथा. तो बसमध्ये तिकिटे फाडणारा सरळमार्गी माणूस. झे पेकेनो त्याच्या प्रेयसीवर अत्याचार करतो, त्याच्या घरच्यांना मारतो आणि तो विरोधी टोळीत सामील होतो. निरपराध माणसाला मारायचे नाही, ही त्याची एकमेव अट असते. पहिल्या दरोड्यात ती पाळली जाते, दुसऱ्यात तिला अपवाद होतो आणि तिसऱ्यात अपवाद हाच नियम होऊन बसतो. त्या दरम्यान त्याच्या हातून मारल्या गेलेल्या एका पहारेकऱ्याचा मुलगा सूड उगवण्यासाठी त्याच्याच टोळीत येऊन राहतो आणि अखेरीस त्याच्यावर गोळी झाडतो. निरंजन ज्या राबणाऱ्या पहारेकऱ्यांविषयी बोलले, त्यांतलाच एक तो होता. सूड न्याय्य वाटत असतानाच तो कोणाच्या घरावर जाऊन आदळतो, हे इतक्या थोडक्यात समजल्यावर मला तरी ठेका धरता आला नाही.

गोवंडीकर, तुमच्या प्रतिसादाला माझ्यापाशी उत्तर नाही. तो प्रसंग मी पाहिला होता आणि विसरले होते. या धाग्याच्या सुरुवातीला मी जो चित्रपट वर्णिला त्यात तो प्रसंग नाही, आणि निवड मीसुद्धा तशीच केली, हे तुमचे लिहिणे वाचेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

निरंजन

सायंतारा यांनी मोकळेपणाने लिहिले, म्हणून मीही एक गोष्ट मान्य करतो. लहान मुलाला ‘हातावर गोळी घेतोस की पायावर’ असे विचारले जाते, तो प्रसंग पाहताना मला ठेका, रंग, संकलन यांपैकी काहीही आठवले नव्हते. तिथे माझा आक्षेप लागू पडत नाही.

परंतु गोष्ट कोण सांगते, हा प्रश्न मी सोडणार नाही. आपण मराठीत हा वाद दलित साहित्याच्या निमित्ताने कित्येक दशके घातलेला आहे आणि सहानुभूतीने लिहिलेले व सोसून लिहिलेले यांतला फरक आपल्याला नव्याने सांगण्याची गरज नसावी. लिन्स यांची कादंबरी आतून आलेली होती. चित्रपट बाहेरच्यांनी केला. एम. व्ही. बिल केवळ नाराजी व्यक्त करून थांबले नाहीत. सेल्सो अतायदे यांच्यासह त्यांनी देशभरातल्या वस्त्यांमध्ये हिंडून मादक पदार्थांच्या व्यापारातल्या मुलांशी बोलून ‘फाल्काव’ हा माहितीपट केला आणि तो २००६ साली ब्राझीलच्या मोठ्या वाहिनीवर रविवारी रात्री दाखवला गेला. त्यात बोलणाऱ्या १७ मुलांपैकी १६ मुले तो दाखवला जाईपर्यंत मेलेली होती. तिथे तांबूस ऊन नाही आणि ढोल नाहीत. काळोखात उभे असलेले एक पोर आपण मोठेपणी काय होणार ते सांगत असते.

चौकट

‘फाल्काव’ मीही पाहिला आहे आणि त्याविषयी निरंजन यांच्याशी माझे काडीचेही दुमत नाही. तथापि ‘बाहेरचे’ या शब्दाबाबत थोडी सावधगिरी बाळगावी. कातिया लुंड या चित्रपटापूर्वी, १९९९ साली, जुवाव मोरेरा सालेस यांच्यासोबत रिओमधील पोलीस, टोळ्या आणि रहिवासी या तिघांनाही बोलते करणारा माहितीपट करून वस्त्यांमध्ये वावरलेल्या होत्या. आणि २०१० साली कार्लोस दिएगेस यांच्या निर्मितीखाली रिओच्या फावेलांतील तरुण दिग्दर्शकांनी स्वतःच्या वस्त्यांवर पाच लघुकथांचा चित्रपट केला, तेव्हा त्यांनी टोळीयुद्धापेक्षा जेवण, शिक्षण आणि वीज गेलेली रात्र असे विषय निवडले. तो चित्रपट किती जणांनी पाहिला? ‘सिटी ऑफ गॉड’ने जगाला त्या वस्तीचे नाव ठाऊक करून दिले, आणि जगाने तेवढ्यावरच समाधान मानले असेल तर त्यातला काही दोष आपण प्रेक्षकांनीही घ्यायला हवा.

गोवंडीकर

चौकट यांनी नावाचा विषय काढला म्हणून लिहितो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ब्राझीलला पहिले सुवर्णपदक ज्यूदोमध्ये राफाएला सिल्वा हिने मिळवून दिले. ती त्याच देवाच्या शहरातली. त्या दिवशी मी वाचलेल्या बहुतेक बातम्यांत तिच्या वस्तीची ओळख या चित्रपटाच्या नावाने करून दिलेली होती. तिने सुवर्णपदक मिळवूनही तिचा पत्ता तिच्याआधी पोहोचला होता, आणि तो पिस्तुले घेऊनच पोहोचला होता.

हा चित्रपट वाईट आहे, असे मी म्हणत नाही. तिसऱ्यांदा पाहिला तो अलीकडेच, आणि त्या वेळी राग बराचसा निवळला होता. शेवटी टोळीतली अगदी लहान मुले गल्लीतून चालत कोणाकोणाला मारायचे त्याची यादी करतात, त्यांतल्या बहुतेकांना धड लिहिताही येत नसते, तिथे मी थांबलो आणि दिवे लावून बसलो. आमच्या मजल्यावर त्या वयाची सात मुले आहेत.

सायंतारा, तुमच्या मंडळात ‘फाल्काव’ दाखवता आला तर कळवा. मी येईन आणि आईला घेऊन येईन. तिला पडद्याखालची इंग्रजी वाक्ये वाचता येत नाहीत. मी शेजारी बसून हळू आवाजात सांगत जाईन, तेवढे चालवून घ्या. कडेच्या दोन खुर्च्या ठेवा.